जितं सिमिट

माणसाचं तोंड ही जगातली सगळ्यात घाण जागा आहे. हे मी उगाच म्हणत नाही, एकशे बारा तोंडं आतून बघून म्हणतेय.

डॉ. नूपुर हत्तरकींनी हणमग्याच्या आमच्या हायस्कुलात दातांचं शिबिर लावलं, तेव्हा त्यांना कॅमेरा धरायला कुणीतरी हवं होतं. पेनाएवढा कॅमेरा, टोकाला दिवा. सरांनी वर्गात विचारलं, "कोण येणार?" गेल्या वर्षीपर्यंत मी अशा वेळी पेन खाली पाडून बेंचखाली जायचे. पण दहावीत आल्यापासून माझं काय झालंय कुणास ठाऊक, माझा हात आपोआप वर जातो.

पहिल्याच आजोबांच्या दाढेत मेथी होती. मी म्हटलं, "आजोबा, मेथी खाल्लीत?" ते म्हणाले, "आज भेंडी खाल्ली पोरी. मेथी परवा."

परवा! दोन दिवसांची मेथी! माझ्या पोटातली इडली घशापर्यंत येऊन परत गेली.

त्यांच्या एकट्याचं तसं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी, म्हणजे २०३५ साली, गावात कुठलंसं फुकट शिबिर येऊन गेलं होतं. त्यांनी एका दिवसात तीनशे दाढा भरल्या. भरल्या कसल्या, चूल लिंपावी तशा लिंपल्या. हत्तरकी मॅडमनी मला पडद्यावर दाखवलं. शेजारच्या दोन दाढा एकमेकींना घट्ट टेकून उभ्या असतात, म्हणून मधे काही शिरत नाही. दाढ भरताना मधे पातळ पट्टी बसवून तो टेका पुन्हा घडवावा लागतो. घाई केली की फट राहते, नाहीतर सिमेंटचा कंगोरा बाहेर येतो. मग प्रत्येक घासाला अन्न तिथे ठासलं जातं, कुजतं, आणि हिरडी सुजते.

आमच्या गावात त्यावर एकच उपाय होता, बांगडीत अडकवलेली सेफ्टीपिन. बायका बोलता बोलता पिन काढायच्या, दाढेत घालायच्या, जे निघेल ते बघायच्या (बघायच्याच!) आणि पिन पुन्हा बांगडीत. ह्यात माझी छायाआत्ती सगळ्यात पुढे.

छायाआत्ती म्हणजे माझ्या पप्पांची मोठी बहीण. लग्न मोडून आली ती आमच्यातच राहिली, आणि गेली अकरा वर्षं ती गावची आशा आहे. कुणाचा ताप, कुणाची लस, कुणाचं बाळंतपण, सगळं तिच्या पिशवीत. शिवाय हणमगे 'तंबाखूमुक्त गाव' झालं ते तिच्यामुळे. शाळेच्या हॉलमध्ये तो फलक लावलाय, त्यात ती हात जोडून उभी आहे.

त्याच फलकाखाली ती माझ्यासमोर खुर्चीत बसली. टॅब्लेटवरचे प्रश्न मी वाचायचे, उत्तरावर टिचकी मारायची.

"बीपी, शुगर?"

"न्हाई."

"तंबाखू, गुटखा, विडी?"

"न्हाई!" अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशी ठणकावून.

आता खरं सांगते. तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख काळं होतं. मिश्रीनं. तव्यावर जाळलेल्या तंबाखूची ती पूड ती बामाच्या डबीत ठेवायची आणि दिवसातून चारदा दातांवर घासायची. पण आमच्या घरात, आणि गावातल्या प्रत्येक घरात, त्याला तंबाखू कुणीच म्हणत नाही. त्याला 'दात घासणं' म्हणतात. मी ते नख बघितलं. आणि 'नाही'वर टिचकी मारली.

* * *

जुनं सिमेंट खरवडून मॅडम त्या जागी जे भरत होत्या, ते जिवंत होतं.

"ह्या एवढ्याशा गोळीत कोट्यवधी जंतू झोपलेत," त्या म्हणाल्या. "फटीत अन्न कुजलं की आम्ल तयार होतं. आम्ल लागलं की हे जागे होतात. थुंकीतला युरिया फोडून आम्ल मारतात, आणि थुंकीतलंच कॅल्शियम घेऊन दगडाचा थर चढवतात. थरावर थर. फट बुजली की अन्न शिरत नाही, आम्ल होत नाही, जंतू उपाशी राहतात आणि पुन्हा झोपतात."

"म्हणजे फट स्वतःच बुजते आणि स्वतःच थांबते?"

"बरोबर."

"आणि हे सगळं थुंकीतून?"

"थुंकीतून."

"शी!"

"शी काय तनू? तुझे दात काय गुलाबपाण्यात उभे आहेत?"

चाळीस जणांच्या दाढांतलं सिमेंट त्यांनी बदललं. गावानं त्याला 'जितं सिमिट' असं नाव देऊन टाकलं. तीन आठवड्यांत फटी बुजल्या. आत्तीनं तर पिन बांगडीतून काढून शिवणाच्या डब्यात टाकली. चिवडा, कणीस, सुकं मटण, जे दिसेल ते ती मुद्दाम भरलेल्या बाजूनं खायची आणि मला आ करून दाखवायची.

"बघ, हाय काय काय अडकल्यालं?"

"आत्ती, मी जेवतेय!"

* * *

पाचव्या महिन्यात वास सुरू झाला.

आधी मला वाटलं मोरीत उंदीर मेलाय. मी फिनेल ओतलं. वास गेला नाही, उलट माझ्या मागे स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "तनू, भाकरी थापू का?" वास आत्तीच्या तोंडाचा होता.

ती तोंडावर पदर धरून बोलायला लागली. हसणं बंद केलं. एकदा ती पाठमोरी बसून पुन्हा पिनेनं टोकरत होती, तेव्हा कट् असा आवाज आला आणि पिनेचं टोक मोडलं. दाढेत मोडलं नव्हतं, दाढेवर मोडलं होतं.

"दाखव," मी म्हटलं.

"काय दाखव? जा, अभ्यास कर."

"आत्ती, मी एकशे बारा तोंडं बघितलीत. दाखव."

तिनं दाखवलं. देवा! डावीकडे दाढाच उरल्या नव्हत्या, म्हणजे होत्या, पण वेगळ्या दिसत नव्हत्या. चार दाढांची मिळून एक भिंत झाली होती. करडी, मधे काळे पट्टे, वरून खडबडीत, जुन्या गीझरच्या कॉइलवर क्षार साचतात तशी. भिंत हिरडीवर चढली होती आणि हिरडी तिच्याखालून फुगून जांभळी झाली होती. मी बोटानं जराशी दाबली तर भिंतीमागून पिवळं काहीतरी बाहेर आलं, त्यात भाताचं एक शीत होतं.

मी मोरीत धावले. इडली ह्या वेळी परत गेली नाही.

* * *

मॅडम तपासणीला आल्या. चाळीसपैकी सतरा जणांच्या तोंडात भिंती निघाल्या, आणि सतराही बायका. एकाही पुरुषाच्या तोंडात नाही. पाणी सगळ्यांचं एकाच विहिरीचं, मग पाणी बाद. फक्त बायकांनाच काय मिळतं?

मॅडमनी गावच्या औषधवाटपाची यादी उघडली आणि त्यांना उत्तर सापडलं. कॅल्शियमच्या गोळ्या. चाळिशीच्या पुढच्या बायका आणि गरोदर बायका, सगळ्यांना आशाताई घरी जाऊन देतात.

"छायाताई, खात्री होईपर्यंत गोळ्या बंद करू या. सगळ्यांच्या. मी आरोग्य केंद्राला कळवते."

आत्तीचा पदर तोंडावरच होता. "सगळ्यांच्या म्हंजे... समृद्धीच्या बी?"

"तिला दाढ भरलीय?"

"न्हाई. पण सातवा लागलाय तिला."

"मग तर नकोच धोका."

समृद्धी म्हणजे आमच्या गल्लीतल्या राजाक्कांची सून. पहिल्या खेपेला तिचं बीपी एवढं वाढलं की बाळ गेलं आणि ती कशीबशी राहिली. तिच्या आहारात कॅल्शियम फार कमी, आणि ते कमी असलं की गरोदरपणात बीपी उसळायचा धोका वाढतो, म्हणून ह्या वेळी सुरुवातीपासून गोळी होती. ती गोळी गळ्याखाली जावी म्हणून आत्तीनं राजाक्कांशी महिनाभर भांडण केलं होतं. राजाक्कांचं मत असं की गोळ्यांनी बाळ काळं होतं.

त्या दिवशी आत्ती समृद्धीच्या घरून गोळ्यांची पाकिटं परत घेऊन आली. जेवली नाही. तशीही तिला धड जेवता येत नव्हतं. परसात गेली, डबी उघडली, आणि दात घासत बसली.

मी खिडकीतून बघत होते. बोट डबीत, बोट तोंडात, डावीकडे, खसाखसा. काळी लाळ ओघळली, ती पुसली, परत बोट डबीत. किती किळस आली मला! आणि त्या किळसेतच डोक्यात काहीतरी चमकलं.

मॅडमचा टॅब्लेट फोटोंसाठी माझ्याकडेच होता. मी सतरा भिंती एकेक करून बघितल्या. सोळा जणींची भिंत डावीकडे जाड. एकीचीच उजवीकडे, त्या गिरणीवाल्या कलाकाकू. आणि कलाकाकू डावखुऱ्या आहेत, दळणसुद्धा डाव्या हातानं ओढतात.

गोळी पोटात जाते. पोटाला डावं-उजवं कळत नाही. डावं-उजवं कळतं ते बोटाला.

* * *

नुसतं म्हणून कोण ऐकणार? मी प्रयोग करायचं ठरवलं, आणि तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात घाण प्रयोग ठरला.

लोकांना दाखवायला म्हणून मॅडमनी जित्या सिमेंटच्या चकत्या दिल्या होत्या, शर्टाच्या बटणाएवढ्या. मी तीन वाट्यांत एकेक चकती ठेवली. आता थुंकी. सहा दिवस, रोज ताजी, तीन वाट्या. माझ्या एकटीच्यानं पुरेना, म्हणून चिंच डोळ्यांसमोर धरून बसले. पहिल्या वाटीत नुसती थुंकी आणि भाताची पेज. दुसरीत त्याच्यासोबत कॅल्शियमची कुटलेली गोळी. तिसरीत आत्तीच्या डबीतली चिमूटभर मिश्री, दिवसातून चारदा, बोटानं दाबून. तिन्ही वाट्या शाळेतल्या अंडी उबवायच्या पेटीत. सर म्हणाले, "मगदूम, वास कसला येतोय?" मी म्हटलं, "विज्ञानाचा, सर."

सहाव्या दिवशी झाकणं उघडली. पहिल्या दोन चकत्यांवर सारखाच, कागदाएवढा पातळ थर, गुळगुळीत. तिसरी वाटीला चिकटली होती. करडा-काळा खडा, सुपारीएवढा. वाटी उलटी करून आपटली तरी निघेना.

मी ती वाटी तशीच घेऊन घरी आले आणि आत्तीसमोर ठेवली.

तिनं वाटी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. "माझ्या डबीत हात घातलास व्हय गं?"

"हो. सगळ्यांना वाटतं मिश्री म्हणजे तंबाखू नाही..."

"मला म्हाईत न्हाई व्हय?" ती एकदम ओरडली, आणि वासाची लाट माझ्या तोंडावर आदळली. "ट्रेनिंगात पयल्या दिवशी सांगत्यात, मिश्री म्हंजे तंबाखूच. इतर बायकांना म्हाईत न्हाई. मला हाय. अकरा वरसं हाय. मी लोकांच्या पोरांना कुजक्या तोंडाचे फोटू दाखवायचे, आन् शाळेच्या मागं जाऊन..." तिनं बोट पुढे केलं. "सुटत न्हाई तनू. डोकं फुटाय लागतंय."

"मग मॅडमना सांग."

"सांगितलं तर काम जाईल. गावाचं नाव जाईल. लोकं थुकतील तोंडावर."

"आणि समृद्धी?"

तिनं बोट पदरात लपवलं. पण 'नाही'वर टिचकी मी मारली होती, आणि हे सांगायला माझी जीभ उचलत नव्हती. मोठी हात वर करणारी! मग सांगितलं एकदाचं. "मी तुझं नख बघितलं होतं. तरी 'नाही' लिहिलं."

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "तू बघितलंस ते मी बघितलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्ती सवयीनं समृद्धीच्या मनगटाला बीपीची पट्टी लावायला गेली. मी शाळेत जाता जाता तिच्यासोबत होते. पट्टीवर आकडा उमटला, दीडशे. समृद्धीचे पाय सुजून चपलेत मावत नव्हते. ती हसून म्हणाली, "आत्ती, ह्या खेपेला तरी व्हतंय न्हवं सगळं नीट?"

आत्तीनं पट्टी काढली, घडी केली, पिशवीत टाकली. आधी तिनं समृद्धीला गाडीत घालून आरोग्य केंद्रात पोचवलं आणि बीपीचं औषध सुरू करवलं. मग सरळ शाळेच्या हॉलमध्ये गेली. तिथे मॅडम भिंतवाल्या बायकांना पुन्हा तपासत होत्या, बाहेर रांग होती.

"डाक्टरीणबाई, गोळ्यांनी काय झालं न्हाई. मिश्रीनं झालंय. मी घासती. चार येळा."

मॅडमच्या हातातला आरसा तसाच राहिला. मी वाटी पुढे केली आणि बोलत सुटले, चकत्या, थुंकी, डावं-उजवं, कलाकाकू. मॅडमनी वाटी नाकाजवळ नेली आणि पटकन लांब धरली.

"पण फॉर्मवर सगळ्यांनी तंबाखू नाही म्हणून लिहिलंय," त्या म्हणाल्या.

"तसं इचारल्यावर न्हाईच म्हंत्यात," आत्ती म्हणाली आणि रांगेकडे वळली. "कला, दात कशानं घासतीस गं?"

"मिश्रीनं की," कलाकाकू म्हणाल्या. "आन् कशानं घासायचे?"

"आन् तू?" "मिश्रीनं." "तू गं?" "मिश्रीनंच. सकाळी ब्रश, मग मिश्री." कुणाला लाज नाही, कुणी लपवत नाही. सतराच्या सतरा.

मॅडमनी टॅब्लेट मागून घेतला आणि तंबाखूचा प्रश्न पुन्हा वाचला. मिश्रीतली राख क्षारी असते, त्यांनी नंतर मला समजावलं. क्षारात दगड आपोआप धरतो. आणि दर वेळी बोटानं ठासलेल्या कणांना अन्न चिकटतं, त्यामुळे जंतूंना झोपायची वेळच येत नाही. पुढच्या महिन्यात हेच सिमेंट साठ गावांत जाणार होतं. "मी पण चुकले तनू," त्या म्हणाल्या. "तंबाखू खाता का विचारलं. तोंडात बोट घालून काय काय लावता, हे नाही विचारलं."

* * *

आत्तीची भिंत फोडायला दोन तास लागले. कॅमेरा मीच धरला. शेवटचा तुकडा निघाला तेव्हा त्याच्या मागे पाच महिन्यांचं जेवण होतं, काळपट-हिरवं, लोण्यासारखं मऊ. मास्क असूनही मॅडमनी श्वास रोखला. मी दोनदा बाहेर जाऊन आले. दोनदा परत आले, हे लिहून ठेवते. मोडलेलं पिनेचं टोकही त्यातच रुतलेलं निघालं.

पूर्ण दोन महिने मिश्री बंद राहिली तरच दाढा पक्क्या भरणार, तोवर तात्पुरतं सिमेंट आणि मधे मोकळ्या फटी, असं मॅडमनी बजावलं. हॉलमधला फलक सरपंचांनी स्वतः उतरवला. तालुक्याहून पत्र आलं, चौकशी होईपर्यंत आत्तीचं काम बंद. घरात ती भांडी आपटायची, कुणावरही खेकसायची, एकदा तर डोकं बांधून दिवसभर झोपून राहिली. पण डबी तिनं माझ्या देखत चुलीत घातली होती. सगळं घर खोकलं.

गोळ्या पुन्हा सुरू करा म्हणून मॅडमनी कळवलं. काम बंद असलं तरी आत्ती समृद्धीची पाकिटं घेऊन गेली, पण आता राजाक्का ऐकेनात. त्या दारातच आडव्या उभ्या राहिल्या.

"गोळीनं तोंडात दगूड व्हतोय, डाक्टरीणबाईच म्हणाल्या की."

"ते चुकलं व्हतं त्यांचं."

"त्यांचं चुकलं, तू लबाड बोललीस. मग मी कुणाचं ऐकू?"

मला वाटलं आत्ती भांडेल. ती पायरीवर बसली. पिशवीतून गोळी काढली, स्वतःच्या जिभेवर ठेवली, चावली, गिळली. मग राजाक्कांपुढे तोंड उघडलं, पार कानापर्यंत.

"बघ. मी रोज हितं येऊन गोळी खाणार. मिश्री सोडलीया. दगूड उगवला तर मला हाकलून दे. तनू, टॉर्च धर."

मी टॉर्च धरला. सुजलेल्या हिरड्या, काळे पडलेले दात, भोकं. गल्लीतल्या बायका गोळा झाल्या, आणि एकेक करून वाकून बघून गेल्या. माझी आत्ती, जी परवापरवापर्यंत हॉलमधल्या फलकावर हात जोडून उभी होती, ती पायरीवर आ करून बसली होती. मला किळस येत होती. टॉर्च मात्र हलला नाही.

रोज हेच. आत वळकटीवर समृद्धी बसलेली असायची, पाय लांब करून, बघत. औषधानं तिचं बीपी खाली येत होतं, पण फार नाही.

नवव्या दिवशी राजाक्कांनी माझ्या हातातून टॉर्च ओढून घेतला. नाकाला पदर लावला आणि स्वतः वाकल्या. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आत्तीची हनुवटी धरून मान वळवली, परत बघितलं.

"शी! शेंगदाणा अडकलाय हितं."

"अडकणारच. फट हाय," आत्ती आ केल्या केल्याच म्हणाली. "दगूड हाय काय?"

राजाक्का सरळ झाल्या. मग टॉर्च विझवून माझ्या हातात दिला, आणि आत वळून हाक मारली, "समृद्धी, उठू नगंस. ह्या तनूला सांग पाणी कुठं हाय ते. दोन पेले आण गं पोरी."